अमुक म्हणजे काहीही नव्हे

'अमुक' हा शब्द आपण सगळेच वापरतो, पण त्या शब्दाच्या जिवावर घर चालवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कारखान्यात त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'अमुकसाहेब'. हे त्यांना माहीत होतं. एकदा कँटीनमध्ये कुणीतरी चुकून तोंडावरच तसं म्हणाला, तेव्हा सगळ्यांचे घास हातात राहिले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. पण कुठला अमुक, ते विचारत चला." आणि चहा अर्धा टाकून निघून गेले. चहा त्यांनी पूर्ण प्यायलेला मला आठवत नाही.

कारखाना खोपोलीच्या अलीकडे, खालापूर तालुक्यात. मोठे पाइप, पाइपांच्या तोंडाशी बसवायच्या लोखंडी चकत्या, बोल्ट, व्हॉल्व्ह असला सगळा जडशीळ माल. ऐंशीनंतरची पहिली वर्षं होती. कंपनीने नुकताच कॉम्प्युटर आणला होता आणि सबंध कारखान्यातली एकमेव थंडगार खोली त्याला दिली होती. त्या खोलीत बसणाऱ्या आम्हां चारपाच जणांवर बाकीची खाती जळत असत. मे महिन्यात तर मोठमोठे साहेब काहीतरी विचारायचं निमित्त काढून आमच्याकडे यायचे आणि उत्तर मिळाल्यावरही हलायचे नाहीत.

मी पोशीरची. घरची भातशेती. नेरळला मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले आणि आकडे भरणारी मुलगी म्हणून इथे लागले. वर्षभरात साहेबांनी मला उचलून प्रोग्रॅम लिहायला बसवलं. "तुम्हाला चिडता येतं," ते म्हणाले. "चिडल्याशिवाय प्रोग्रॅम येत नाही. तेच तेच काम परत करताना ज्याला राग येत नाही, त्याने हमाली करावी." मला चिडता उत्तम येत होतं, त्यामुळे माझं बरं चाललं.

ते स्वतः राहायला कर्जतला, भिसेगावात. कंपनीची बस कर्जत स्टेशनावरून सुटायची. आम्ही बसायचो, ते उभे राहायचे, अर्धी बस रिकामी असली तरी. फाटक लागलं की त्यांना धीर नसे. खाली उतरून चालू लागत. पुढे कुठेतरी आंब्याखाली किंवा मोरीवर बस त्यांना गाठे, ड्रायव्हर न सांगता ब्रेक दाबे आणि हे चढून मघाचंच वाक्य पुढे बोलू लागत. ऑफिसातही तेच. आमच्या खोलीची जमीन खोटी होती, खालून तारा नेलेल्या, त्यामुळे त्यांच्या फेऱ्यांचा धप धप आवाज व्हायचा. आवाज थांबला की आम्ही मान वर करून बघायचो, कारण थांबले म्हणजे आता ते कुणाच्या तरी टेबलाशी येणार हे नक्की असायचं.

आता त्यांच्या अमुकबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

स्टोअरवाले यायचे, म्हणायचे, बोल्ट आकाराप्रमाणे क्रमाने लावून द्या. मग टाइम ऑफिसवाले यायचे, म्हणायचे, कामगार टोकन नंबराप्रमाणे लावून द्या. मग आणखी कुणी व्हॉल्व्ह घेऊन. आमच्यात एक दुसरे प्रोग्रॅमर होते, डोंबिवलीहून यायचे, म्हणून त्यांना सगळे डोंबिवलीकर म्हणत. त्यांची रीत सोपी. बोल्टाचा प्रोग्रॅम उतरवून काढायचा आणि जिथे जिथे 'बोल्ट' तिथे तिथे 'कामगार' लिहायचं. मग परत उतरवायचा, आता 'व्हॉल्व्ह'. असे त्यांचे कितीतरी प्रोग्रॅम, सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ. एकात चूक सापडली की सगळ्यांत जाऊन दुरुस्त करायची, आणि एखाद्यात ती हमखास राहून जायची. एकदा अशीच राहिली आणि फाउंड्रीतल्या एका धिप्पाड कामगाराची नोंद अर्ध्या इंचाची निघाली.

साहेबांना हे बघवत नसे. "काम एकच आहे हो. क्रमाने लावायचं. काय लावायचं ते ज्याचं त्याने बघावं." म्हणून त्यांनी एकच प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात बोल्टही लिहिला नाही आणि कामगारही नाही. तिथे लिहिलं 'अमुक'. इंग्रजी अक्षरांत, ए एम यू के. आमच्या कोबॉल भाषेत एवढी सोय होती की लिहून ठेवलेला मजकूर जसाच्या तसा उचलायचा आणि उचलताना एका शब्दाच्या जागी दुसरा घालायला सांगायचं. तेवढ्या सोयीवर त्यांनी संसार मांडला. अमुकांची यादी. अमुकांचा शोध. अमुकाला तमुक जोडणं. आम्ही फक्त सांगायचं, या खेपेला अमुक म्हणजे बोल्ट.

डोंबिवलीकर म्हणाले, "म्हणजे अमुक म्हणजे काहीही."

फेऱ्यांचा आवाज थांबला. "अमुक म्हणजे काहीही नव्हे," साहेब म्हणाले. हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. "अमुकला लावता आलं पाहिजे. दोन अमुक समोर ठेवले तर लहान कोण आणि मोठा कोण हे सांगता आलं पाहिजे. बोल्टांत येतं सांगता. कामगारांत नंबरावरून येतं. कँटीनच्या भाज्यांत येतं का?"

"येतं," मी म्हटलं. "तोंडली सगळ्यांत खाली."

ते हसले. मग लगेच गंभीर होऊन म्हणाले, "चालेल. पण मग ती तुमची अट झाली. ती लिहून दिली पाहिजे. अमुक सांगायचा आणि अट सांगायची नाही, हे चालणार नाही."

त्यांचं सगळं दुःख या अटीपाशी होतं. आमचं यंत्र अट मागत नसे. अमुकच्या जागी भलतंच काही घातलं तरी निमूटपणे घेई आणि भलतंच उत्तर तितक्याच निमूटपणे छापून देई. त्यांचा कुणी मित्र परदेशी होता. त्याने त्यांना एका नव्या भाषेबद्दलचे कागद झेरॉक्स करून पाठवले होते. त्या भाषेत म्हणे अशी मोकळी जागा रीतसर ठेवता येई, आणि तिथे काय येणार आहे, त्याला काय काय करता आलं पाहिजे, हे बाजूलाच लिहावं लागे. नाही लिहिलं तर यंत्र प्रोग्रॅम चालवायलाच नकार देई. ते कागद घडीवर फाटेपर्यंत त्यांनी पिशवीतून हिंडवले. "दारातच अडवतं, बाई," बसमध्ये उभ्याउभ्या मला सांगायचे. "आत जाऊन घोळ घालू देत नाही." बाकीचे लोक खिडकीतून डोंगर बघायचे.

घरीही त्यांचं हेच. एकदा संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला भिसेगावात गेले होते, तेव्हा बघितलं. फळीवर सारखे डबे ओळीने, एकाही डब्यावर नाव नाही. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "हे लिहू देत नाहीत. म्हणतात, उद्या साखरेच्या डब्यात रवा येईल, डब्याला कशाला नाव?" आतून साहेब आले. "डबा एकदाच घडवायचा असतो. घडवताना आत काय येणार ते डब्याला माहीत नसावं." पत्नी म्हणाल्या, "पण मीठ भरलं की तो मिठाचा झाला. मग तो चमचा चहात जाता कामा नये. ते कोण बघणार?" साहेब थबकले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रत्येकाला सांगत सुटले की कोबॉल करणाऱ्यांना जे सुचलं नाही ते त्यांच्या स्वयंपाकघरात ठाऊक आहे. डब्यांवर मात्र त्यांनी शेवटपर्यंत काही लिहू दिलं नाही. बाईंनी मग मिठाच्या डब्याला तांबडी दोरी बांधली.

आता माझी गोष्ट मध्ये येते, त्याला इलाज नाही.

आमच्या खोलीचं थंड करायचं यंत्र सारखं बिघडे. ते दुरुस्त करायला मेन्टेनन्समधला एक मुलगा यायचा, वावोशीचा. पुढे पुढे ते न बिघडताही तो येऊ लागला. वर्षभरात आमचं मनाशी ठरून गेलं. घरी मी आईकरवी सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि काहीच बोलले नाहीत. ते कमी बोलणारे. बोलले ते आप्पा, माझे थोरले काका. आमच्यात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्यांच्या मनात कळंबचं एक स्थळ होतं, शिवाय पोरीने स्वतः जमवलेलं म्हणून त्यांना ते आधीच नको होतं. "नोकरी लावली ती चूक झाली," ते ओटीवर बसून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायचे. बाबा एवढंच म्हणाले, "पत्रिका बगू." माझं लग्न त्या दोन शब्दांवर येऊन टांगलं. मी पत्रिका मानत नव्हते, पण रोज रात्री देवापुढे हात जोडत होते, ती जुळू दे म्हणून.

अशात खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची आणि घरच्या माणसांना आत येऊन बघायची परवानगी असे. कॉम्प्युटरची खोली त्या वर्षी पहिल्यांदाच लोकांना उघडणार होती. पर्सोनेलच्या मॅनेजरांनी कल्पना काढली, की लोकांना बोल्टांच्या याद्या काय दाखवायच्या, पत्रिका जुळवून दाखवा.

साहेब उखडले. "मी पत्रिका मानत नाही."

"बोल्ट तरी कुठे मानता?" मॅनेजर म्हणाले. "जुळवता ना?"

हे साहेबांना बरोबर लागलं. त्यांच्याच तत्त्वात ते सापडले होते. अमुकवर विश्वास असण्याचं कारणच नव्हतं. ते फेऱ्या मारायला लागले आणि दुपारपर्यंत हरखून गेले होते. त्यांच्याकडे जुळवणीचा प्रोग्रॅम तयारच होता. पाइपला चकती जुळवायची, चकतीला बोल्ट. त्यात तीन जागा मोकळ्या होत्या. अमुक, तमुक आणि दोघांची अट. पाइप आणि चकतीची अट अशी की तोंडाचा आकडा दोन्हीकडे सारखा हवा. आमच्याकडची बहुतेक सगळी जुळवाजुळव याच अटीवर चालायची, म्हणून डोंबिवलीकर दर खेपेला तेच लिहायला कुरकुरायचे. त्या कुरकुरीला कंटाळून साहेबांनी एक सूट देऊन ठेवली होती. अट काही लिहिलीच नाही, तर 'सारखे' अशी धरावी. जन्मभर अट लिहा म्हणणाऱ्या माणसाने दिलेली ती एकच सूट.

पत्रिकेच्या बाकीच्या गुणांच्या भानगडीत ते पडले नाहीत. आमच्या भागात पहिल्यांदा विचारतात ती नाडी. आद्य, मध्य, अंत्य. त्यांना एक, दोन, तीन आकडे दिले. अमुक म्हणजे वर, तमुक म्हणजे वधू. झालं. एका सकाळीत प्रोग्रॅम उभा राहिला.

खंडेनवमीला प्रिंटरला झेंडूची माळ घातली. नारळ बाहेर फोडला, कारण आत पाणी सांडलं असतं तर साहेबांनी आम्हालाच फोडलं असतं. हळदकुंकवाची बोटं तेवढी यंत्राच्या पत्र्याला लावू दिली. मग बाहेर रांग लागली. लोक आपापल्या बायकोला घेऊन आलेले, गंमत म्हणून. पर्सोनेल मॅनेजरांचा पहिला नंबर. प्रिंटर खडखडला आणि कागद आला, जुळत नाही. सगळे हसले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "हे मी लग्नापासून सांगते आहे." डोंबिवलीकरांचंही जुळत नाही. टाइम ऑफिसच्या हेडक्लार्कांचं तर मुळीच नाही. हशा वाढतच गेला.

बाबा आणि आप्पा पोशीरहून आले होते. बाबांनी पिशवीतून दोन पत्रिका काढल्या, माझी आणि त्याची. मी आकडे भरायला बसणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "तुमची स्वतःची आहे. तुम्ही बाहेर थांबा." त्यांच्या जागी ते रास्त होतं. मी बाहेर पेढे वाटत राहिले आणि कुणाच्या हातावर दोन ठेवले, कुणाच्या हातावर एकही नाही.

कागद घेऊन बाबा बाहेर आले. इंग्रजी अक्षरं, म्हणून माझ्यापुढे धरला. मी वाचलं, जुळते.

आप्पा मागोमाग आले. त्यांचा चेहरा कुणी चापट मारल्यासारखा झाला होता. "परत काडा," ते म्हणाले. आत जाऊन परत काढला. परत तेच आलं. बाबांनी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चल आप्पा, उशीर व्हईल."

कार्तिकात साखरपुडा करायचं ठरलं. मी इतकी सुखी पुन्हा फार कमी वेळा झाले.

दसऱ्याची सुट्टी संपून कामावर गेले, तर साहेब माझ्या टेबलापाशी उभे होते. दाढी वाढलेली. "सगळ्यांचंच कसं जुळत नाही?" हा किडा त्यांच्या डोक्यात खंडेनवमीलाच शिरला होता. पत्रिका बघून लग्न झालेली माणसं, आणि एकाचंही जुळू नये. सुट्टीत त्यांनी प्रोग्रॅमचे कागद घरी पसरले होते. आता त्यांनी माझ्यापुढे एक ओळ धरली. अमुक लिहिलेला, तमुक लिहिलेला, आणि अटीची जागा कोरी.

मला एका नजरेत कळलं. अट लिहिली नाही, म्हणून यंत्राने 'सारखे' धरलं. पाइप आणि चकती सारख्या लागतात. नाडी वेगळी लागते. एक नाड म्हणजे लग्नच करायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यंत्राने त्या दिवशी प्रत्येकाला उलटं सांगितलं होतं. ज्यांची लग्नं झाली होती ते हसून घरी गेले. ज्याचं ठरायचं होतं असं जोडपं एकच होतं.

"मग?" मी म्हटलं.

"मग सांगायला हवं. तुमच्या वडिलांना."

"साहेब, तुम्ही पत्रिका मानत नाही."

"मी नाही मानत. ते मानतात. त्यांनी एक विचारलं आणि मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हातात दिलं."

"हे बोल्ट नाहीत."

"म्हणूनच," ते म्हणाले.

मला इतका राग आला की हातातली पेन्सिल मोडली. मी म्हटलं, "तुमच्या प्रोग्रॅमची एक ओळ चुकली म्हणून माझं लग्न मोडायचं?" ते फेऱ्या मारू लागले. त्या दिवसापासून ते आणि मी, दोघांनाही चैन नव्हतं. ते माझ्या टेबलाशी यायचे आणि न बोलता परत जायचे. डबा उघडून तसाच बंद करायचे. बसमधून उतरायचे आणि बस गाठली तरी चढायचे नाहीत, हात हलवून पुढे जा म्हणायचे. मेन्टेनन्सच्या त्या मुलाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी बोलू का त्यांच्याशी?" मी म्हटलं, "तू कंप्रेसर बघ." कुणाचंही बोलणं त्यांच्यापुढे चालणार नाही, हे मला माहीत होतं. दिलेली सूट त्यांनी प्रोग्रॅममधून काढून टाकली. त्याबरोबर त्या सुटीवर चालणारे सगळे जुने प्रोग्रॅम बंद पडले आणि डोंबिवलीकर आठवडाभर अटी लिहीत बसले. चुकीचं उत्तर कुठे पडून आहे हे ठाऊक असताना हा माणूस जगू शकत नाही, आणि ते उत्तर आमच्या घरी बाबांच्या बंडीत पडून होतं.

रविवारी ते आलेच. नेरळहून चालत. आम्ही खळ्यावर होतो, भाताची झोडणी चालली होती. आप्पा बाजाराला गेलेले, तेवढंच नशीब. साहेबांना लांबून येताना पाहिलं आणि मी पेंढ्याच्या रचलेल्या भाऱ्यांमागे जाऊन उभी राहिले.

"बसा, सायेब," बाबा म्हणाले.

"नको. मी उभा राहूनच सांगतो." आणि त्यांनी सुरुवात केली, ती थेट अमुकपासून. मोकळ्या जागा तीन, पाइप, चकती, धरलेली अट. खळ्याच्या कडेने येरझारा घालत सांगत होते. बाबा पेंढी फळीवर आपटत होते आणि दाणे उडत होते. शेवटी बाबा म्हणाले, "सायेब, थोडक्यात सांगा. ऊन वाडतंय."

साहेब थांबले. "यंत्राने जुळते म्हणून सांगितलं. खरं म्हणजे जुळत नाही. नाडी एक आहे. चूक माझी आहे."

बाबांनी पेंढी उलटी केली, आणखी एकदा आपटली आणि बाजूला टाकली. "म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"नाडी येक हाय त्ये. दसऱ्याच्या आदीच नेरलच्या गुरुजींनी सांगतलंय. आप्पा व्हता संगती. पोरीला आमी बोललो नाय."

भाऱ्यांमागे मी तोंडात पदर धरला.

"मग यंत्राकडे कशाला आणलीत?" साहेबांचा आवाज चढला होता.

बाबा दुसरी पेंढी घ्यायला वाकले आणि न घेताच सरळ झाले. "पोरीचा जीव हाय त्या पोरावर. मला दिसतं ना. गुरुजी नाय म्हनला. आप्पा नाय म्हनला. म्हटलं, आनखी कोन हाय का इचारायला. तुमचं यंत्र व्हय म्हनलं, तवा आप्पाचं तोंड बंद झालं. आता तुमी आलाव सांगायला."

मग बाबांनी विचारलं, "सायेब, तुमी पत्रिका मानता?"

"नाही."

"मी मानतो," बाबा म्हणाले. "भ्याव वाटतं मला. रातचं उटून बसतो. तरी पोरगी देतो. आता बोला."

माझे बाबा एवढं सलग बोललेले मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. इतके दिवस मला वाटत होतं, की त्यांना माझ्या लग्नाचं काही पडलेलं नाही, कागद जे सांगेल ते करतील. रडणं आवरेना, पण आवाज करायची सोय नव्हती. साहेब खळ्याच्या मधोमध उभे होते, बुटांत भात शिरलेलं. म्हणाले, "मी आपणहून कुणाला सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर मला खोटं सांगता येत नाही. प्रयत्न केला तरी येत नाही."

"नका सांगू खोटं," बाबा म्हणाले. "कोन इचारतो?"

आईने चहा पाठवला होता. तो न घेताच ते गेले.

साखरपुडा निर्विघ्न झाला. लग्न माघात, आमच्या दारात. आप्पा मांडवात होते, पण कशाला हात लावत नव्हते. वरातीला सामोरे गेले नाहीत, नारळ दिला तो घेतला नाही. सगळं गाव ते बघत होतं. आमच्याकडे थोरला पुढे उभा राहिला नाही तर लग्न लागूनही लागल्यासारखं वाटत नाही, आणि पुढे जन्मभर प्रत्येक दुखण्याखुपण्याला लोक तेच काढतात. बाबा दोनदा त्यांच्यापाशी जाऊन परत आले.

मी मुंडावळ्या बांधून दारात उभी होते. अक्षता वाटणं चाललं होतं. ताम्हन आप्पांपुढे आलं. त्यांनी ते हाताने अडवलं आणि वळून साहेबांकडे गेले. साहेब मांडवाच्या कडेला, खांबाला टेकून. ऑफिसचे लोक बाजूलाच.

"सायेब," आप्पा म्हणाले, मोठ्याने, त्यांच्या ओटीवरच्या आवाजात. "मी अडानी मानूस. गुरुजी येक सांगतो, तुमचं यंत्र येक सांगतं. यंत्राचं मला काय कलत नाय. तुमी शिकलेले हाव, तुमी डोल्यांनी बगितलंय. तुमी सांगा. पोरांची पत्रिका जुलते का नाय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, साहेबांकडेही नाही, खाली जमिनीकडे बघितलं. डोंबिवलीकर हातातल्या अक्षता निवडायला लागले. वावोशीच्या मुलाने पाटावरून उठायला बघितलं आणि त्याच्या मामाने त्याला खाली बसवलं. साहेबांचे ओठ हलले, त्यांची सवय होती बोलण्याआधी मनात वाक्य तपासून बघायची. आता हे काहीतरी 'अट कोणती धरली यावर आहे' असं सुरू करणार, मग पाइप येणार, चकती येणार, आणि सगळं उघडं होणार, असं मला दिसू लागलं. मी डोळे मिटले.

"जुळते," साहेब म्हणाले.

एवढंच. पुढे काही नाही.

आप्पा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ताम्हनातून मूठभर अक्षता घेतल्या आणि पुढे जाऊन बाबांच्या शेजारी उभे राहिले.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी एका बाजूने बाहेर बघितलं, तर खांबाशी साहेब नव्हते. ते मांडवाबाहेर शेतात होते, बांधावरून भराभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालत होते. प्रत्येक 'सावधान'ला थांबायचे, तिथूनच आमच्या दिशेने अक्षता टाकायचे आणि परत चालू लागायचे.